विचारून घ्या, शिकून घ्या: आई-वडिलांचा कॅन्सर पुढे गेला असेल तेव्हा

"आता पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळू," असं डॉक्टर ज्या दिवशी सांगतात, त्या दिवसापासून घरात प्रत्येकाची वेगळीच धावपळ सुरू होते. कुणाला लगेच मुंबई गाठायची असते, कुणाला देवाला न्यायचं असतं, कुणी नुसतंच मोबाइलवर औषधं शोधत बसतं. आमच्या घरीही असंच झालं. मायचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरल्याचं दिवाळीनंतर कळलं आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या पौषात ती गेली. मधले चौदा महिने आमच्या हातात होते. त्यातले पहिले पाच आम्ही बरेचसे वाया घालवले. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय, त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. आजारी माणसाला आपण दिवसभर काही ना काही देत असतो. गोळी, पाणी, चादर, धीर. नुसतं घेत राहून माणूस खचतो. ज्या बाईने चाळीस वर्षं घर चालवलं ती माझी माय बाजेवर पडून एकच म्हणायची, "मनं काय काम आते?" माझं आता काय काम उरलं. पुढे लक्षात आलं की तिच्याकडून आम्ही काही मागितलं, काही शिकलो, काही विचारलं, तेव्हाच ती उठून बसायची. आज घरात जी आठवण निघते ती त्या वेळांचीच निघते. खाली सांगितलेलं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी दुखणं आटोक्यात आणा

दुखत असलेल्या माणसाला गोष्टी सांगायला लावणं हा छळ आहे. म्हणून पहिलं काम डॉक्टरांकडे. "पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल?" हा प्रश्न स्वतःहून विचारा, कारण बऱ्याचदा आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. याचा अर्थ उपचार सोडले असा होत नाही. दुखणं, मळमळ, दम, झोप यांवर नीट उपाय करणारी ही वैद्यकाची वेगळी शाखा आहे आणि ती केमोसोबतही चालते. जिल्हा रुग्णालयात असा कक्ष आहे का, याची चौकशी करा. परळच्या टाटा रुग्णालयात जात असाल तर तिथे हा विभाग आहे. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत असते. तिच्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच खेपेला भरून घ्या.

मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात. "सवय लागेल", "म्हणजे आता संपलंच", असं आमच्याही नात्यात म्हणून झालं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनला नशेची सवय म्हणत नाहीत. ते मिळायला पूर्वी फार अडचणी होत्या. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि मान्यता मिळालेल्या रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. दोन गोष्टी मात्र वहीत लिहून ठेवा. साधी गोळी घड्याळ पाहून द्यायची असते, दुखायची वाट पाहून नाही. आणि मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं, त्यामुळे त्याचं औषध सोबत लिहून घ्यायचं. अंगावर दुखणं कमी करणाऱ्या फेंटानिल या औषधाचा पॅच लावलेला असेल तर तिथे शेकू नका आणि उन्हात बसवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो हे वेगळं सांगायला नको.

हाडांत कॅन्सर असेल तर अजून एक. पाठीत एकदम जास्त दुखू लागलं, पायांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या.

काय झालंय ते त्यांना माहीत असू द्या

"त्यांना सांगू नका हं, हाय खातील." हे वाक्य खान्देशातल्या प्रत्येक घरात म्हटलं जातं आणि मायेपोटीच म्हटलं जातं. आम्हीही तीन महिने "गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल" असं सांगत राहिलो. मायला सगळं कळत होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती न कळल्यासारखं करत होती. एका घरात सहा माणसं एकमेकांपुढे नाटक करत होती, आणि अशा घरात मनातलं कोण कुणाला विचारणार?

एकदम सगळं सांगू नका. आधी विचारा, "डॉक्टर काय म्हणाले ते तुला सगळं ऐकायचंय का, की फक्त कामापुरतं?" काहींना खरंच ऐकायचं नसतं, त्यांच्यावर लादू नका. ऐकायचं असेल तर घरातल्या एकानेच, शांतपणे, दवाखान्यातून आल्या आल्या नव्हे तर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगावं. आमच्याकडे नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सांगितलं. नाना बोलत होते आणि माय त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण बोटांत फिरवत होती. मग तिने सुई-दोरा मागितला, बटण लावलं आणि म्हणाली, "मंग धाकलाले बलावा." म्हणजे धाकट्याला बोलवा. त्या दिवसापासून घरातलं नाटक संपलं.

दिवसातला चांगला तास शोधा

आठवडाभर वहीत टिपून ठेवा: कधी उठल्या, कधी खाल्लं, कधी बोलल्या, कधी डोळा लागला. प्रत्येकाचा एक बरा तास असतो. मायचा सकाळी साडेसात ते नऊ असा होता, अंघोळीआधी. अंघोळीनंतर ती थकून झोपायची. केमो चालू असेल तर दर फेरीनंतरचे काही दिवस सोडून द्या, दोन फेऱ्यांच्या मधले दिवस धरा. जे करायचं ते या तासात. पाहुणे, बँकेची सही, औषधांचा हिशेब दुपारी ढकला.

आवाज आणि बोली

हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण आवाज कधी जाईल सांगता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सगळं घर दवाखान्यात होतं, पैशांचं बोलणं झालं, रक्ताचं झालं, पण आवाज धरून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये आता एकच आवाजी निरोप शिल्लक आहे, काही सेकंदांचा: "लाइट उनी, मोटर चालू कर." म्हणजे लाइट आली. तो मुलगा तेवढंच ऐकतो. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर हा परिच्छेद वाचून झाल्यावर लगेच उठा आणि कामाला लागा.

साधा मोबाइल पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कुणाचा तरी फोन येतो. कूलर बंद करा. आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, पण रेकॉर्डिंगमध्ये कूलरच कूलर ऐकू येतो. उन्हाळ्यात दहा मिनिटांच्या वर कूलर बंद ठेवता येत नाही, म्हणून दहा मिनिटांचेच तुकडे करा. मोबाइल त्यांच्या उशाशी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, हातात धरून तोंडापुढे नेऊ नका. तोंडापुढे मोबाइल आला की आपली माणसं एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागतात. आणि रेकॉर्ड करतोय हे त्यांना सांगा. चोरून करू नका.

"तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असं विचारलं तर उत्तर येतं, "काय सांगू, गेलं असंच." प्रश्न छोटा आणि धरता येईल असा हवा. आम्ही विचारलेले काही देते: विहीर खोदली तेव्हा पाणी किती हातावर लागलं? पहिलं पाणी कुणी प्यायलं? लग्नाला वऱ्हाड कशाने आलं, किती गाड्या होत्या? १९७२ च्या दुष्काळात कुठे खडी फोडायला गेला होता, सुकडी कशी लागायची? माहेरच्या घरात चूल कोणत्या तोंडाची होती? अमळनेरला असाल तर प्रताप मिलचे दिवस विचारा. वडील भुसावळला रेल्वेत असतील तर रात्रपाळीचं विचारा. एका बैलाचं नाव विचारलं की कधीकधी अर्ध्या तासाची गोष्ट निघते.

उत्तर आलं की गप्प बसा. मलाच हे फार उशिरा जमलं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये माझाच आवाज जास्त आहे. माय थांबली की मी लगेच पुढचा प्रश्न टाकत होते, आणि ती जे सांगायला थांबली होती ते राहून गेलं.

नंतर ते लिहून काढताना बोली बदलू नका. मायने "माले" म्हटलं तर "मला" लिहू नका, "आंडेर" म्हटलं तर "मुलगी" लिहू नका. घरात अहिराणी असेल, लेवा बोली असेल, पावरी असेल, जे तोंडातून आलं तेच कागदावर. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गायच्या आणि घरच्यांनी ते टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये ती गाणी छापून आली. घरच्यांनी टिपलं नसतं तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. तुमच्या घरातलं बोलणं छापलं जाणार नाही, पण नातवंडांना आजी कशी बोलायची ते तिच्याच शब्दांत कळलं पाहिजे.

फाइलला नाव द्या: तारीख आणि विषय, "विहीर", "मामाचं लग्न" असं. दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत मोबाइलबाहेर. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी तो दाबला जाऊन धूसर होतो.

हातचं काम शिकून घ्या

आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या वर्षी अशी झाली. माय पाच मिनिटांच्या वर उभी राहू शकत नव्हती. दरवर्षी मांडे तीच करायची. नाना म्हणाले, "औंदा विकत आणू." माझ्याही मनात तेच होतं. मग वहिनी म्हणाली, "बाई खुर्चीवर बसतील, करू आपण."

पहाटे साडेपाचला परसात चूल पेटवली, ऊन चढायच्या आत. धूर मायच्या छातीत जाऊ नये म्हणून वारा पाहून खुर्ची दाराच्या उंबऱ्याशी ठेवली, पाठीला दोन उशा, पायांखाली पाट. गोळी अर्धा तास आधी दिली होती. खापर उपडं ठेवून तापत होतं. मी कणीक तिंबत होते.

"माय, पाणी कितलं?"

"हातले समजस."

माझ्या हाताला काही समजत नव्हतं. तिने परात जवळ आणायला सांगितली, दोन बोटं कणकेत रोवली, काढली, बोटांना चिकटलेली कणीक अंगठ्याने चोळून पाहिली. "आखो." म्हणजे अजून. मी पाण्याचा हात लावला. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी कणीक इतकी सैल झाली की माझ्या मते ती बिघडली होती, तेव्हा माय म्हणाली, "आते झाई." आता झाली. पुरण भरून मांडा हातावर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत पसरवत नेला आणि खापरावर टाकता टाकता मधोमध फाटला. दुसरा फाटला. तिसराही. माय काही रागावली नाही. "फाटू दे. दुसरा ले." तिचे हात मांडीवर होते, पण माझ्याबरोबर हवेत तेही फिरत होते, उजवा वर, डावा खाली. भाचीने नेमका तेवढाच व्हिडिओ काढला: फक्त मायचे हात, चार मिनिटं. पाचवा मांडा धड पडला. मायला तोंड आलेलं होतं, तरी दुधात कालवून तिने त्यातला दोन घास मांडा खाल्ला.

म्हणून सांगते, घरात त्यांना येणारं एक काम निवडा आणि त्यांना गुरू करा. मांडेच हवेत असं नाही. बिबडे असतील, सांडगे असतील, कळण्याच्या पिठातलं ज्वारी-उडदाचं प्रमाण असेल. वडील असतील तर बियाणं निवडणं, केळीचं पिलू कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं, बांधावरची हद्द कोणत्या झाडापासून धरायची. आमच्याकडे श्रावणात बसवतात त्या कानबाई देवीचं नारळ कसं मांडायचं हे फक्त मायला माहीत होतं. तेही वहिनीने श्रावणाच्या आधीच बसून शिकून घेतलं. श्रावणात माय उठून बसली तर नव्याने मांडता येईल, नाही तर आलेलं हातात आहे, असा हिशेब.

तीन नियम पाळा. काम तुम्ही करायचं, त्यांनी फक्त सांगायचं. वाटीने मोजून घ्या, कारण "अंदाजे" हा शब्द नंतर कुणाला विचारता येत नाही. कणीक सैल होत गेली तेव्हा प्रत्येक वेळी किती पाणी पडलं ते भाची लिहीत होती, आणि आज आमच्याकडे तो आकडा आहे. तिसरं, त्या थकल्या की अर्धवट टाकून उठा. उरलेलं उद्या.

सणाची वाटही पाहू नका. आखाजी चार महिन्यांवर असेल आणि अंगात आज ताकद असेल, तर गौराईची गाणी आजच म्हणा. आमच्यात काहींना हे पटलं नाही, "अवेळी कशाला" असं म्हणाले. गाणं म्हणायला तिथी लागत नाही.

खाण्याबद्दल एक. जेवायला जबरदस्ती करू नका. आजार पुढे गेला की भूक आपोआप मरते, आणि "दोन घास तरी खा" या आग्रहातून रोज भांडण होतं. पण चव ठेवा. ठेच्याचं एक बोट, काळ्या मसाल्याच्या रश्शाचा एक चमचा, तोंड आलेलं नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर. मायला भरीत आवडायचं, तिच्यापुरतं बिनमिरचीचं वेगळं काढायचो.

बाहेर न्यायचं असेल तर

चैत्रात आम्ही मायला सप्तशृंगीच्या गडावर नेलं. तरुणपणी ती पायी गेली होती, खान्देशातून चैत्रात जशी पायी दिंडी जाते तशी. आता वर जायला ट्रॉली आहे, पायऱ्या चढायच्या नव्हत्या, म्हणून आम्हाला वाटलं सोपं आहे. दोन गाड्या केल्या, बारा माणसं. गोळ्यांची पिशवी दुसऱ्या गाडीत राहिली आणि ती गाडी पुढे निघून गेली. दर्शन झालं, फोटो झाले. परतीला मालेगावच्या अलीकडे मायने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली, पण तोंडातून शब्द नाही. आमचा दिवस बिघडू नये म्हणून. ती सहल तिच्यासाठी म्हणून ठरवली होती, पण कुठे जायचं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

नंतर विचारलं. म्हणाली, मळ्यात जायचंय.

मळा घरापासून वीस मिनिटांवर. बाज आदल्या दिवशीच ट्रॅक्टरने पाठवून लिंबाखाली टाकून ठेवली. मायला गाडीने नेलं, मागच्या सीटवर आडवं करून, खड्ड्यांचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली. ती बाजेवर पडून विहिरीकडे पाहत होती आणि नानांना सांगत होती की वांगं त्या बाजूने कच्चं राहिलंय. दीड तासात परत आलो.

तेव्हा: कुठे जायचं ते त्यांना विचारा. जायला-यायला लागणारा वेळ तिथे बसायच्या वेळापेक्षा जास्त नको. औषधं त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच उशाशी, एक डोस जास्तीचा. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी. सोबत जाड उशी, पाणी, उलटीसाठी पिशवी, जुनं लुगडं आडोशाला. आणि "आता घरी चला" असं त्यांनी म्हटलं की गाडी सुरू झाली पाहिजे, आरती व्हायची असली तरी.

फोटो

नवे काढण्याआधी जुने उघडा. डब्यातले, अल्बममधले, लग्नातले. त्यांच्या शेजारी बसून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. शाईचं पेन वापरू नका, पुढे उमटतं. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, सावलीत धरून फ्लॅशशिवाय मोबाइलने काढा. आमच्याकडे एका फोटोत अकरा जण होते, त्यातल्या सात जणांची नावं फक्त मायला ठाऊक होती.

नवे फोटो विचारून. केस गेल्यावर मायला चेहऱ्याचा फोटो नको होता. आम्ही हातांचे काढले: लसूण सोलताना, नातवाचं दप्तर भरताना. आणि जी सून किंवा लेक रात्रंदिवस करते तिचा आजाऱ्यासोबत फोटो काढायला विसरू नका. फोटो काढणारी नेहमी तीच असते, म्हणून ती एकाही फोटोत नसते.

भेटायला येणारे

गावात आजारपण म्हटलं की माणसांची रीघ लागते. फळं, बिस्किटं, आणि दारातच "अरे देवा, काय ही दशा!" येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये, त्या ओलाव्यावरच आपली घरं उभी आहेत. पण ओट्यावर एका माणसाला बसवा, चार ते साडेपाच अशी वेळ ठरवा. फोनवर येतो म्हणणाऱ्याला सांगा, "सफरचंद आणू नका, तिचा एखादा जुना फोटो असेल तर आणा." मायची शाळेतली मैत्रीण चोपड्याहून आली ती दुसरीच्या वर्गाचा फोटो घेऊन. दोघी पाऊण तास हसत होत्या. आजाराचा विषयही निघाला नाही. केमोच्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्याला मात्र ओट्यावरूनच नमस्कार.

लांबची भावंडं

आपल्याकडे घरटी एक जण सुरतेला, एक पुण्याला. लांबचा येतो तेव्हा दोन दिवसांत सगळं करून टाकायचं असतं त्याला, आणि जवळचा आधीच थकलेला असतो. यावरून भांडणं होतात. आमच्याकडेही झाली. मग ठरवलं: भाऊ सुरतहून ताप्ती लाइनच्या गाडीने दर दुसऱ्या शनिवारी येईल आणि त्या रात्री मायजवळ तोच झोपेल, वहिनी नाही. रात्रीच्या त्या जागरणातच भावाचं आणि मायचं जे बोलणं व्हायचं ते झालं. काय ते मी विचारलं नाही. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल रोज एकाच वेळी, पाच मिनिटं. "कशी आहेस" विचारू नका, आज काय भाजी केली ते दाखवा.

नातवंडं

मुलांपासून लपवू नका. "आजीला कॅन्सर नावाचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तिच्याजवळ बसल्याने तुला होणार नाही." एवढी वाक्यं पहिलीतल्या मुलालाही कळतात. "आजी झोपली" असं मरणाबद्दल सांगू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. त्यांना एक काम द्या. माझा आठ वर्षांचा भाचा आजीच्या पाण्याचा हिशेब ठेवायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून. ते कॅलेंडर अजून आहे.

पुढच्या वाढदिवसांसाठी, लग्नांसाठी पत्रं लिहून ठेवावीत असं काहींना वाटतं. आई-वडिलांना स्वतःला वाटलं तर जरूर. मायला नको होतं. ती म्हणाली, जे सांगायचं ते आताच सांगते, आणि नातीला जवळ बोलावून वेणी कशी घट्ट घालायची ते दाखवलं.

बोलणं कमी होतं तेव्हा

एक दिवस येतो जेव्हा त्या बहुतेक वेळ झोपून असतात. तेव्हा रेकॉर्डिंग थांबवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. कधी भलत्याच नावाने हाक मारतील, गेलेल्या माणसांशी बोलतील. दुरुस्त करू नका, "हो माय" म्हणा, आणि हे नवीनच सुरू झालं असेल तर डॉक्टरांना कळवा, कधी त्यावर औषध असतं. खायला-प्यायला घालायचा आग्रह आता धोक्याचा, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ आणि तोंड ओल्या कापसाने टिपत राहा. उत्तर येत नसलं तरी ऐकू येत असेल असं धरून बोला. आम्ही तिला गौराईची गाणी म्हणून दाखवायचो, चुकीच्या चालीत. एकदा तिची भुवई हलली. वहिनीचं म्हणणं, चाल चुकली म्हणून.

दारावरचे दिवस

माणूस गेल्यावर लोक दारावर येतात, म्हणजे सांत्वनाला. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, ओट्यावर सतत कुणी ना कुणी असतं आणि जो तो तिच्याबद्दल काहीतरी सांगतो. आम्हाला ठाऊक नसलेल्या किती गोष्टी त्या दिवसांत कळल्या. एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, दुष्काळाच्या साली खडीच्या कामावर माय तिच्या वाट्याची पाटीसुद्धा उचलायची, कारण तेव्हा त्या बाईला सातवा महिना होता. मायने आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसांत डोकं जागेवर नसतं, ऐकलेलं राहत नाही. म्हणून घरातल्या एखाद्या पुतण्याला हे काम आधीच सांगून ठेवा. ओट्यावर शंभर पानी वही ठेवायची, तिला दोरीने पेन बांधायचं. येणाऱ्याचं नाव, गाव, त्याने सांगितलेली गोष्ट, जशी सांगितली तशी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ बसून पुतण्याने लिहायचं.